कितीला हा उजेड?

ताकोराडीच्या बाजारात, विजेच्या सामानाच्या दुकानी
आम्ही तिघं उभे, प्रत्येकाच्या मुठीत चुरगळलेले सेडी.
दुकानदार विचारतो, लग्नांसाठी हवाय की स्टुडिओसाठी?
कोबिना म्हणतो, मास्तरांसाठी.
जणू एवढ्यावर जगात कुणालाही कळावं.

एसिल्फी मास्तर. शनिवारी स्टुडिओ बंद करणार.
बेचाळीस वर्षं एक उत्तरेची खिडकी वापरली त्यांनी
आणि समोर टेकवलेली प्लायवूडची फळी, चुन्यानं पांढरी.
चुना उडाला की उजेड आजारी पडतो,
म्हणून दर ईस्टरला नवा हात.
तो हात माझा.
शिकाऊ पोरीला ब्रश आधी मिळतो, कॅमेरा मागाहून.

फिफीला रिंग लाइट आवडला, डोळ्यात गोल चंद्र पडतो म्हणाला.
मी म्हटलं, मास्तर म्हणतील
डोळ्यात खिडकी दिसावी माणसाच्या, बांगडी नव्हे.

सॉफ्टबॉक्स उघडून पाहिला. बाहेरून काळी छत्री, पोटात पांढरं कापड.
चांगला होता. भाव ऐकून आम्ही तो हळूच मिटला.
आणि तसंही जानेवारीत हरमॅटन सुटला
की मास्तर खुर्ची अंगणात ओढायचे:
वाळवंटानं आज सूर्यावर मलमल टाकलीय, फुकट,
या, बसा, शिका.

समोरून उजेड मारायचा नाही आपल्या माणसांवर, सांगायचे.
बाजूनं येऊ द्या, पाहुण्यासारखा, दारात जरासा थांबून.
काळा रंग उजेड गिळत नाही रे, तो जपून ठेवतो.
कुठं ठेवलाय, ते शोधायचं.
एकदा मासे भाजणारी बाई थेट चुलीवरून आली,
तोंड पुसू का म्हणाली.
नको, म्हणाले, तो घामच माझा दिवा.

कोबिनाचं बोट बॅटरीच्या फ्लॅशवर.
दुमसोर, म्हणाला, विझव-पेटव, विझव-पेटव,
विजेचा काय भरवसा आपल्याकडे?
दुकानदारानं बटण दाबून दाखवलं
आणि क्षणभर आम्ही तिघंही
पासपोर्टवर असावं तसे सपाट झालो.

तेव्हा मला आठवलं.
गेल्या महिन्यात मास्तर खिडकीशी, निगेटिव्हची पट्टी आभाळाकडे धरून,
हात थरथरतोय, माणसं हलताहेत.
ही कोण गं, विचारलं. मलाही कळेना.
हसले. यात आपण सगळेच गोरे,
ओळखायचं कसं?

फोटो काढणाऱ्याला देतात तसलं काहीच नको, मी म्हणाले.
काढून झालेत त्यांचे.
मग दुकानदार मागच्या खोलीत गेला, धुळीनं माखून परतला,
बंद पडलेल्या दवाखान्यातली एक पेटी घेऊन,
दुधी काच, आत दोन नळ्या, एक जरा फडफडणारी.
डॉक्टर यावर मोडलेल्या फासळ्या बघायचे, म्हणाला,
हे फोटोवाल्याचं नव्हे.
कितीला हा उजेड?
फडफडीचे पैसे कापून घेतले आम्ही.

शनिवारी भाषणं झाली, ती मी ऐकली नाहीत.
मास्तरांनी बिस्किटांच्या डब्यातली एक पट्टी काचेवर ठेवली,
भिंग लावलं, आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही.
मग म्हणाले, ही मान्सा. लग्नाआधीची.
तीन फोटो काढून घेतले, पैसे दिले नाहीत.
दिले होते, स्वयंपाकघरातून आवाज आला.
दोनाचे दिले होतेस.

परवा सहज गेले होते. दुपारची वेळ.
काचेवर चवळी पसरलेली, खालून उजळलेली,
मान्साबाई त्यातले खडे वेचतेय, अजिबात घाई नाही तिला.
शेजारी मास्तर, मांडीवर बिस्किटांचा डबा,
आपला नंबर कधी लागतो
याची वाट बघत.